भाषेतील विटाळ आणि स्त्रीचा हक्क

(बीड जिल्ह्यातील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी 'भाषा आणि स्त्री' हा विषय मी घेतला आहे. विषयाचे नाव ऐकून हा पंडितांचा प्रांत आहे, असे कित्येकांस वाटण्याचा संभव आहे. ज्यांच्या हातात कोयता आणि डोक्यावर मोळी आहे, त्यांना व्याकरणाशी काय कर्तव्य, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे असे आहे की, या जिल्ह्यातील कष्टकरी स्त्रीचे जे हक्क बुडतात, त्यांपैकी पुष्कळसे आधी भाषेत बुडतात व मग व्यवहारात बुडतात. ज्याला हिशेबात स्वतंत्र शब्द नाही, त्याची वहीत नोंद होत नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याला मागणी करण्यास जागाच राहात नाही. एवढे एकच सूत्र मी आपणापुढे मांडणार आहे.

शब्दाने पोट भरत नाही, असे म्हणणारे लोक आपणास नेहमी भेटतात. मराठवाड्यातील माणसाने तरी असे म्हणू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर या भागात गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे लोटली. नुसत्या शब्दाला विरोध करण्यासाठी कोणी घरे जाळीत नाही. नावाबरोबर दर्जा येतो, हे नाव मागणाऱ्यांना ठाऊक होते. नाव नाकारणाऱ्यांना तर ते अधिकच ठाऊक होते.

हे ज्ञान जुने आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक असावे आणि शूद्राचे नाव तिरस्कार सुचविणारे असावे, अशी तेथील आज्ञा आहे. त्याच ठिकाणी स्त्रीच्या नावाचाही नियम आहे. ते उच्चारण्यास सुलभ, कानाला गोड आणि मनाला रमविणारे असावे. या दोन नियमांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांच्या कर्त्याचा हेतू स्पष्ट होतो. शूद्राचे नाव त्याला खाली बसविण्यासाठी आणि स्त्रीचे नाव दुसऱ्याचे मन रिझविण्यासाठी; बळ आणि धन या दोहोंच्याही नावात येता कामा नये. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले. आपल्या जुन्या पिढ्यांतील धोंडू, दगडू, कचरू ही नावे पुढील पिढ्यांतून नाहीशी झाली, यात त्या अग्नीचा वाटा मोठा आहे. परंतु त्याच पानावरील स्त्रीविषयक दृष्टी किती जळाली, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो.

नावाप्रमाणेच बोलीचीही वाटणी करण्यात आली होती. संस्कृत नाटकांत राजा, मंत्री व पुरोहित संस्कृत बोलतात. राणी, तिच्या सख्या, दासी आणि हलक्या समजल्या गेलेल्या जातींची पात्रे सामान्यतः प्राकृत बोलतात. दुष्यंत संस्कृतात प्रेम व्यक्त करतो, शकुंतला प्राकृतात उत्तर देते. एकाच संभाषणात दोन भाषा, आणि त्यांतील एक भाषा वरची व एक खालची! स्त्री राजघराण्यातील असली तरी भाषेच्या बाबतीत तिचे स्थान सेवकाशेजारीच होते.

या व्यवस्थेस विरोध करणारी एक परंपराही या देशात होती. बुद्धवचने छंदस् भाषेत रूपांतरित करावीत, अशी अनुज्ञा ब्राह्मण कुळातील दोन भिक्खूंनी मागितली असता भगवंतांनी ती नाकारली व आपापल्या बोलीत धम्म शिकण्यास संमती दिली, अशी कथा विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. तिचे फळ म्हणजे थेरीगाथा. दासीची मुलगी, गणिका, पुत्रशोकाने वेडी झालेली माता, अशा स्त्रिया त्या ग्रंथात आपल्या वाणीने आपला अनुभव सांगतात. सोमा नावाच्या थेरीस मार हिणवतो की, दोन बोटांची अक्कल असलेल्या स्त्रीस ऋषींचे पद कसे मिळणार? चित्त एकाग्र झाले असता स्त्रीपणाचा अडथळा तो कसला, अशा आशयाचे उत्तर सोमा देते. शब्दाने केलेल्या अपमानास शब्दानेच उत्तर देणाऱ्या स्त्रीचा हा आपल्या इतिहासातील अत्यंत प्राचीन दाखला होय.

आपल्या मराठीचा जन्मही याच वाटेवरचा आहे. बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जी गोदावरी वाहते, तिच्याच काठी वर पैठण आहे. तेथील सातवाहनांच्या काळाशी निगडित असलेल्या 'गाथासप्तशती' या प्राकृत ग्रंथातील अनेक गाथा स्त्रियांच्या तोंडी आहेत. पुढे महानुभाव पंथात केशिराजाने संस्कृतात लिहिण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा आचार्य नागदेवांनी त्यास रोखले. संस्कृतामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, हे कारण त्यांनी दिले. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ही हकीकत नमूद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी, पाली व प्राकृत या तिन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजाची समाधी असल्यामुळे या गौरवाचा अभिमान आपणास अधिकच वाटतो, आणि तो योग्य आहे. ज्या भाषा स्त्रीला कळाव्यात म्हणून वाढल्या, त्या भाषांनी आज स्त्रीला काय दिले आहे, हे पाहण्याचे कर्तव्यही त्या अभिमानाबरोबर येते.

प्रथम आपण घरातील बोलणे पाहू. पती पत्नीला 'अगं' म्हणतो, पत्नी पतीला 'अहो' म्हणते. पती तिचे नाव दिवसातून पन्नास वेळा घेतो. तिने त्याचे नाव घ्यावयाचे ते लग्नकार्यात, उखाण्यात गुंफून. त्याचा उल्लेख करावयाचा तर 'मालक', 'धनी' किंवा 'कारभारी'. जेथे मालक आहे तेथे मालमत्ताही असलीच पाहिजे. ती कोण, हे सांगावयास नको. शेतावर किती जण आहेत असे विचारले, तर उत्तर मिळते, 'चार माणसे आणि दोन बाया.' म्हणजे बाया माणसांत धरल्या जात नाहीत. भित्र्या पुरुषाला 'हातात बांगड्या भरल्यास काय?' असे विचारतात. ज्या हातांत बांगड्या असतात तेच हात पहाटे चारला भाकरी थापतात व दिवसभर उसाच्या मोळ्या उचलतात, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण म्हणीने त्याच्या वतीने आधीच विचार करून ठेवलेला असतो.

आणि मग 'विटाळ' हा शब्द आहे. भगिनींनो आणि बंधूंनो, या शब्दापाशी आपण सर्वांनी थांबले पाहिजे. आपल्या सावलीचा विटाळ होत असे, आपल्या स्पर्शाने पाण्याला विटाळ होत असे. तोच शब्द, एका अक्षराचाही फरक न करता, स्त्रीच्या मासिक पाळीला लावला जातो. दोन्ही ठिकाणी दूर बसविणे आहे, दोन्ही ठिकाणी पाण्याच्या भांड्याला शिवण्याची बंदी आहे, दोन्ही ठिकाणी देवळाचे दार बंद आहे. एकाच टाकसाळीतून निघालेली ही दोन नाणी आहेत. शबरीमला मंदिराच्या प्रकरणी २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात पाळीच्या कारणाने स्त्रीला दूर ठेवणे हे संविधानाच्या अनुच्छेद १७ मधील अस्पृश्यतेच्या निषेधात येते, असे मत नोंदविले. त्या प्रकरणातील प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. तथापि जे मत आपल्या आयांनी-आज्यांनी अनुभवाने जाणले होते, ते न्यायालयाच्या कागदावर उमटले, ही गोष्ट लहान नव्हे. आपणास मात्र निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या घराने १९५६ नंतर विटाळ हा शब्द स्वतःपुरता टाकून दिला, त्याच घरात 'ती बाजूला बसली आहे', 'तिला अडचण आहे', 'कावळा शिवला' अशी भाषा चालू असेल, तर त्या घराने अस्पृश्यता सोडलेली नाही, ती घरातील स्त्रियांकडे वर्ग केली आहे.

आता मी या जिल्ह्याच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. बालाघाटाच्या डोंगराळ व कोरडवाहू भागातून, शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज अशा तालुक्यांतून, दसरा-दिवाळी उलटली की लाखो लोक पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखरपट्ट्यात ऊसतोडीसाठी जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. टोळीत किती माणसे आहेत, असे मुकादमाला विचारा. तो सांगेल, 'पंधरा कोयते.' पंधरा कोयते म्हणजे तीस माणसे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता! हत्याराचे नाव माणसाला दिले आहे, आणि दोन माणसांना मिळून एकच नाव दिले आहे. विधवा किंवा टाकलेली स्त्री एकटी कामाला आली, तर ती 'अर्धा कोयता' होते. मोळी मात्र तिला कोणी अर्धी देत नाही.

या शब्दाचे परिणाम पाहा. हंगामापूर्वी जी उचल दिली जाते, ती कोयत्याला दिली जाते. पैसे पुरुषाच्या हातात पडतात आणि कागद असलाच तर त्यावर सही किंवा अंगठा त्याचा असतो. मजुरी टनावर ठरते व कोयत्याच्या नावे जमा होते. स्त्री ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढविते, कोपीवर येऊन स्वयंपाक करते, पाणी भरते, लेकरे सांभाळते. परंतु तिची स्वतःची मजुरी किती, या प्रश्नास उत्तर नाही, कारण तसा रकानाच नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांस समान कामाबद्दल समान वेतनाचे तत्त्व सांगितले आहे. १९७६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला. समान आहे की नाही हे पाहण्यासाठी दोन आकडे लागतात. येथे आकडा एकच आहे. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. तेव्हा मात्र फेडणारे हात दोघांचे धरले जातात.

कोयता पुरा करावयाचा तर जोडी पाहिजे, म्हणून पोराचे लग्न लवकर उरकले जाते व पोरगी मागे गावी एकटी कशी ठेवावी म्हणून तिचेही लवकर उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेले आढळले. कोयता हा शब्द केवळ मोजणीचा राहिला नाही. तो मुलीचे वय ठरवू लागला आहे.

दुसरा शब्द 'खाडा'. कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि त्याबद्दल दंड कापला जातो. पाळीच्या वेदनेचा दिवस, गर्भारपणाचा दिवस, बाळंतपणानंतरचा दिवस, या सर्वांना एकच नाव: खाडा. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयकास पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले होते की, स्त्रीच्या श्रमाचा लाभ जो घेतो त्याने तिच्या प्रसूतिकाळाच्या खर्चाचा भार सोसला पाहिजे. १९२९ मध्ये तो कायदा झाला. ज्या विश्रांतीला त्या कायद्याने 'रजा' म्हटले, तिला शतक उलटत आले तरी उसाच्या फडात 'खाडा' म्हणतात. रजा हा हक्क आहे, खाडा हा गुन्हा आहे. शब्द बदलला की त्याच एका दिवसाचा अर्थ असा उलटा होतो.

आणि तिसरा शब्द 'पिशवी'. या जिल्ह्यात गर्भाशयाला पिशवी म्हणतात, आणि 'पिशवी काढली' हे वाक्य बाया इतक्या सहजपणे उच्चारतात की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. पिशवी म्हणजे वस्तू ठेवण्याची जागा. वस्तू काढून घेतली की रिकामी पिशवी बाजूला टाकावयाची. दोन-तीन लेकरे झाली, आता पिशवीचे काय काम? साध्या पांढऱ्या पाण्याच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीवर कॅन्सरचे भय दाखविले जाते, खाड्याचे भय मागे असतेच, आणि ऐन तिशीत स्त्री शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते. या विषयी गाजावाजा झाल्यावर शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. पुढे खाजगी रुग्णालयांवर अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचे बंधन आले. परंतु पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले तर शरीरातील स्राव अकाली थांबतात, हाडे ठिसूळ होतात, कंबर व सांधे धरतात, हे ज्या स्त्रीला कोणी तिच्या भाषेत सांगितलेच नाही, तिची संमती ही संमती म्हणता येईल काय? 'पिशवी' या शब्दाने तिच्यापासून तिचे शरीरच लपविले.

शब्द जन्माआधीही मारू शकतो. मूल झाले की 'पेढा की बर्फी?' असे विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. मुलगा असला तर पेढा. ही रीत वरवर गमतीची दिसते. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ झाल्या. संपूर्ण राज्याचा आकडा त्या वेळी ८९४ होता. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने कळविण्यास त्या कायद्याने बंदी केली. बोट वर करणे ही सुद्धा भाषा आहे आणि त्या भाषेने एक जीव जाऊ शकतो, हे कायदे करणाऱ्यांनी ओळखले होते.

येथे कोणी म्हणेल की, मग चांगले शब्द आणावेत म्हणजे झाले. या उपायापासून मी आपणास सावध करू इच्छितो. एप्रिल २०२३ मध्ये राज्यात 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याची सूचना शासनाच्या पातळीवर पुढे आली व तिला तीव्र विरोध झाला. विरोध योग्यच होता. 'सौ.' आणि 'गं. भा.' ही दोन्ही अक्षरे स्त्रीचा नवरा जिवंत आहे की मेला, एवढेच सांगतात. पुरुषाच्या 'श्री.' मागे त्याच्या बायकोचा पत्ता लागत नाही. इंग्रजीतही हाच भेद होता, म्हणून १९७० नंतर तेथील स्त्रियांनी विवाहाची खूण न दाखविणारे 'मिझ' हे संबोधन रूढ केले. पवित्र नदीचे नाव दिल्याने वैधव्याचा कलंक धुतला जात नाही. 'हरिजन' हा शब्द आपण का नाकारला, हे ज्यांना आठवते त्यांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. याच्या उलट, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथाच बंद करण्याचा ठराव केला. एकीकडे प्रथा तशीच ठेवून नाव गोड केले जात होते, दुसरीकडे प्रथेलाच हात घातला गेला. तसेच १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे व मग वडिलांचे नाव शासकीय कागदपत्रांत लावण्याचा नियम राज्याने केला आहे. हा शब्द थेट नोंदीत जातो, म्हणून त्याचे मोल आहे. नव्या शब्दाची परीक्षा माझ्या मते एकच आहे: त्याने स्त्रीच्या नावे नवी नोंद झाली काय? झाली असेल तर शब्द खरा. नसेल तर ती केवळ आरास.

आपल्या चळवळीने एक शब्द असा दिला आहे की जो या परीक्षेस उतरतो. 'जय भीम' म्हणताना पुरुषाने पुरुषाला, स्त्रीने पुरुषाला, थोरल्याने धाकट्या मुलीला एकच शब्द उच्चारावयाचा असतो. त्यात 'अहो' नाही आणि 'अगं' नाही. ही समता अभिवादनापाशी न थांबता पुढे नेण्याचे काम आता आपले आहे.

म्हणून माझ्या सूचना अगदी व्यवहाराच्या आहेत. घरात पाळीला पाळी म्हणा. विटाळ, अडचण, बाजूला बसणे हे शब्द आणि त्यांमागची वागणूक दोन्ही बंद करा. विहाराच्या समितीच्या वहीत स्त्री सभासदाचे नाव 'सौ. अमुक' असे न लिहिता तिचे स्वतःचे पूर्ण नाव लिहा. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांना 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध करताना चळवळीतील स्त्रियांचा घरोघरी शोध घ्यावा लागला, तसा पुढच्या पिढीला घ्यावा लागू नये. येत्या हंगामापूर्वी मुकादमाशी बोलताना 'एक कोयता' म्हणून बोलणी करू नका. दोन मजूर म्हणून करा. कागदावर दोन नावे, दोन सह्या, उचलीचे दोन भाग आणि मजुरीची दोन खाती मागा. पाळीच्या व बाळंतपणाच्या दिवसांना खाडा धरणार नाही, हे कागदावर लिहून घ्या. डॉक्टर 'पिशवी काढा' म्हणाला तर कोणता अवयव, कशासाठी, न काढल्यास काय होईल व काढल्यास काय होईल, हे चार प्रश्न विचारा आणि सरकारी रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका. पुरुष बंधूंना मी विशेष सांगतो की, या मागण्या आपल्या विरुद्ध आहेत असे समजू नका. दोघांच्या घामाचा एकच आकडा लिहिला जातो तोवर लिहिणारा दोघांनाही फसवू शकतो.

एका काळी आपली गणना गावाच्या बाहेर होत असे. आपण त्या गणनेला मान्यता दिली नाही, म्हणून आपण आज येथे बसलो आहोत. या जिल्ह्यातील स्त्री अजून एका हत्याराच्या नावात अर्ध्या हिश्शाने मोजली जाते. त्या गणनेलाही आपण मान्यता देता कामा नये. ती पुरी एक व्यक्ती आहे, हे आधी बोलण्यात आले पाहिजे, मग कागदावर आले पाहिजे आणि शेवटी मजुरीच्या दिवशी तिच्या हातात आले पाहिजे.

जय भीम.